शेपटीतली नारिंगी डबी

अलास्काच्या कायद्यात एक यादी आहे. ती विमानासाठी आहे हे आधी सांगितलं नाही, तर वाचणाऱ्याला वाटेल, कुणीतरी रानात बिऱ्हाड हलवतंय. माणशी आठवडाभर पुरेल एवढा शिधा. एक कुऱ्हाड. प्रथमोपचाराची पेटी. मासे धरायला गळ, दोरी आणि शिसं. एक चाकू. जाळ पेटवायचं साधन. माणशी एक, डोक्यावरून घ्यायची मच्छरजाळी. धूर सोडणारी किंवा झगझगीत उजेड देणारी दोन नळकांडी, तीही धातूच्या बंद डब्यात. १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या थंडीच्या मुदतीत त्यात आणखी भर: बर्फावर चालायचे जाळीदार जोडे, एक स्लीपिंग बॅग, आणि विमानात चारपेक्षा जास्त माणसं असतील तर वरच्या प्रत्येकाला एक लोकरीचं ब्लँकेट. पूर्वी यादीत बंदूक आणि काडतुसंही होती. ती पुढे वगळली.

छोट्या विमानाच्या पायलटला अशा यादीचा राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. चार माणसांच्या विमानात वजनाचा हिशेब किलोकिलोनं चालतो. कुऱ्हाड घेतली तर पेट्रोल कमी, पेट्रोल घेतलं तर पाहुण्याची बॅग कमी. म्हणून हे सामान हँगरच्या कोपऱ्यात राहून जातं. पण मला त्या यादीतली वेगळीच गोष्ट खटकते. शिधा, गळ, मच्छरजाळी हे सगळं वाट बघण्याचं सामान आहे. कुणीतरी येणार आहे हे यादी धरून चालते. येणाऱ्याला कुठे यायचं हे कसं कळणार, या प्रश्नाला तिच्याकडे धुराच्या दोन नळकांड्यांपलीकडे उत्तर नाही. आणि धूर कामी येतो तो डोक्यावर कुणी असेल तेव्हाच.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला विमानविद्येनं बराच वेळ लावला. आधीच्या काळात तो प्रश्नच कुणी फारसा विचारत नसे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९३० सालची गोष्ट. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं: भारत आणि इंग्लंड यांच्यामधलं अंतर एकट्यानं उडत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. मुंबईचे जेआरडी टाटा कराचीहून निघाले, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे सुटे स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी स्वतःजवळचे दिले, आणि शर्यत थोडक्यात हरले. ही गोष्ट खिलाडूपणाची म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेच. पण त्यातून त्या काळचं आडवेळेचं सामान काय होतं तेही दिसतं: प्लग, पाना, नकाशा. विमान बंद पडलं तर उतरायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा उडायचं. ऑक्टोबर १९३२ मध्ये हेच जेआरडी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हाही त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. वाटेत काही झालं असतं, तर ते जुहूच्या लोकांना विमान आलं नाही यावरूनच कळलं असतं.

दुसऱ्या महायुद्धानं हे बदललं. समुद्रात पडलेला वैमानिक परत मिळाला तर तो पुन्हा उडवता येतो, हा लष्कराचा कोरडा हिशेब होता. जर्मनांनी रबरी होडीत ठेवायचा एक हातानं फिरवायचा रेडिओ बनवला. तो ब्रिटिशांच्या हाती लागला आणि अमेरिकेनं त्याची नक्कल केली. मांड्यांमध्ये दाबून धरता यावा म्हणून त्याला मध्ये कंबर दिली होती. त्या सिंहकटीवरून सैनिकांनी जुन्या मासिकांतल्या चित्रांमधल्या तरुणीचं नाव त्याला ठेवलं, ‘गिब्सन गर्ल’. एरियल वर न्यायला सोबत पतंग. पतंग उडवायचा, दांडा फिरवायचा, आणि पेटी आपोआप एसओएस पाठवत राहायची. त्याच काळात मध्ये भोक असलेला आरसा आला, सूर्याचा कवडसा नेमका विमानावर टाकायला. मात्र युद्ध संपल्यावर हौशी पायलटांच्या छोट्या विमानांत यातलं फारसं काही उतरलं नाही. कोण नेणार ती पतंगाची पेटी, एका रविवारच्या चक्करीसाठी?

४ फेब्रुवारी १९६३. हेलन क्लाबेन ही ब्रुकलिनची एकवीस वर्षांची मुलगी अलास्का बघायला म्हणून गेली होती आणि आता परत निघाली होती. रेल्फ फ्लोरेस हा कॅलिफोर्नियाचा बेचाळीस वर्षांचा मेकॅनिक आपलं एका इंजिनाचं हॉवर्ड विमान घेऊन दक्षिणेकडे घरी जात होता. खर्च वाटून घ्यायचा या बोलीवर ती त्याच्या विमानात बसली. कॅनडातल्या व्हाइटहॉर्सहून निघाल्यावर हवा बिघडली, ढग खाली आले आणि विमान युकॉन व ब्रिटिश कोलंबियाच्या सीमेजवळच्या जंगलात झाडांवर आदळलं. हेलनचा हात मोडला. फ्लोरेसचा जबडा आणि बरगड्या मोडल्या. दोघंही जिवंत होते.

रानात तगायला लागतं तसलं सामान त्यांच्याकडे नव्हतंच. थोडे मासळीचे आणि फळांचे डबे, थोडी खारी बिस्किटं, एवढाच शिधा. तो पुरवून पुरवून खाल्ला तरी काही दिवसांत संपला. मग टूथपेस्ट. मग बर्फ वितळवून केलेलं पाणी, आणि तेवढंच. रात्री पारा उणे चाळीसकडे जाई. या आकड्याला सेल्सिअस की फॅरनहाइट हे विचारावं लागत नाही, तिथे दोन्ही मापं एक होतात. हेलनच्या पायाची बोटं गोठली. मोडक्या विमानाच्या आडोशाला जाळ विझू न देणं हेच दिवसभराचं काम. फ्लोरेस मॉर्मन पंथाचा, हेलन ज्यू. वाचायला बायबल होतं आणि वेळ तर अमाप होता, त्यामुळे उपाशीपोटी दोघांचे धर्मावरून वादही झाले.

विमानांचे आवाज येत होते. शोध चालू होता. पण दाट स्प्रूसच्या रानात, बर्फानं झाकलेलं विमान वरून दिसायचं कसं? काही आठवड्यांनी शोध थांबला. ते त्या दोघांना कळायचा मार्ग नव्हता, पण आवाज येईनासे झाले हे कळलं असणारच.

शेवटी फ्लोरेसनं फांद्यांचे जोडे बनवले आणि मोकळी जागा शोधत निघाला. झाडं नसलेला एक पट्टा सापडला. तिथे त्यानं बर्फ तुडवून तुडवून एसओएस ही अक्षरं काढली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या भागात उडणाऱ्या एका स्थानिक पायलटला ती दिसली. अपघाताला तेव्हा सात आठवडे होत आले होते. दोघांची वजनं वीसेक किलोंनी उतरली होती. हेलनच्या गोठलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करावी लागली. तिनं पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं, नंतर त्यावर टीव्हीसाठी सिनेमा निघाला, आणि माणूस उपाशी किती दिवस जगू शकतो यावर वर्तमानपत्रांत भरपूर छापून आलं. मला त्यात तुडवलेला बर्फ मोठा वाटतो. एक विमान, त्यात रेडिओ, आकाशात शोधणारी माणसं, आणि सुटका झाली ती पायांनी काढलेल्या तीन अक्षरांमुळे.

चार वर्षांनी हेच पुन्हा घडलं, फक्त शेवट वेगळा. ११ मार्च १९६७ रोजी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडहून एक सेस्ना १९५ विमान सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालं. विमानात नवरा-बायको आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिटी पर्वतात ते वादळात सापडलं आणि बर्फाळ उतारावर कोसळलं. तिघंही जखमी, पण जिवंत. हे अलास्का नव्हतं. काही मैलांवर हमरस्ता होता. वडील मदत आणायला म्हणून जखमी अंगानं निघाले आणि परत आले नाहीत. आई आणि मुलगी विमानात राहिल्या. मुलगी रोजनिशी लिहीत होती. वरून जाणाऱ्या विमानांबद्दल तिनं लिहिलं, शोधणाऱ्यांबद्दल आधी आशेनं आणि मग चिडून लिहिलं. पन्नासाहून जास्त दिवस ती लिहीत होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिकाऱ्यांना विमान सापडलं तेव्हा त्यात जिवंत कुणी नव्हतं. वही होती.

त्या वहीनं जे केलं ते आधीच्या कुठल्याच अहवालानं केलं नव्हतं. अपघातात माणसं जागच्या जागी मरतात आणि शोध हा फक्त प्रेतं आणण्यासाठी असतो, हे सगळ्यांनी मनाशी धरलेलं होतं. ती सोय वहीनं काढून घेतली. पहिल्याच दिवशी त्यांची जागा कळली असती तर कदाचित तिघंही घरी आले असते. ती कळवणारं यंत्रही तेव्हा काही स्वप्नातलं नव्हतं. छोटे आपत्कालीन रेडिओ बाजारात येऊ लागले होते, पण ते सक्तीनं बसवावेत असं वाटणारे थोडे होते. ज्याला हवं तो घेईल, सरकारनं प्रत्येकाच्या विमानात हात घालू नये, हा युक्तिवाद पायलटमंडळींत जोरात होता. हेल्मेटसक्तीवरचे आपल्याकडचे वाद ज्यांनी ऐकलेत त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

कोलोरॅडोचे सिनेटर पीटर डॉमिनिक यांनी विषय लावून धरला. ते स्वतः युद्धकाळात वैमानिक होते. आणि मग कायदा झाला तोही गमतीशीर वाटेनं. २९ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली तो कारखान्यांतल्या कामगारांच्या सुरक्षिततेचा होता. यंत्रांच्या पट्ट्यांना जाळ्या लावा, विषारी वाफांपासून कामगाराला वाचवा, अशा गोष्टींचा. त्याच्या शेवटाकडे, ३१ व्या कलमात, विमानांसाठी आपत्कालीन रेडिओची सक्ती येऊन बसली. नव्या विमानांना एक वर्षाची मुदत, जुन्यांना तीन. जेट विमानांना सूट, कारण ती ठरल्या मार्गानं जातात आणि त्यांच्यावर कुणाची तरी नजर असते. अमेरिकी कायदेमंडळात अशा सांधेजोड्या होतच असतात. तरी कामगार कायद्याच्या पोटातून ट्रिनिटीच्या डोंगरातल्या मुलीला उत्तर निघालं हे मला विलक्षण वाटतं.

या यंत्राचं नाव इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर, ईएलटी. डब्याएवढी, बहुधा नारिंगी पेटी. ती शेपटीकडे बसवायची, कारण विमान आदळलं तर शेपटीचा भागच बहुतेक वेळा शाबूत राहतो. आत एक स्विच असतो, जोराचा धक्का बसला की आपोआप लागणारा. तो लागला की बॅटरीवर पेटी बोलायला लागते: नागरी विमानांसाठी १२१.५ मेगाहर्ट्झ आणि लष्करासाठी त्याच्या बरोबर दुप्पट, २४३. आवाज कसा? वरच्या पट्टीतून खाली घसरत जाणारी किंकाळी, संपली की पुन्हा वरून. वरून जाणाऱ्या कुठल्याही विमानाच्या रेडिओत ती ऐकू यावी ही कल्पना. ती पेटी कुणाची, कुठली, यातलं काहीच ती सांगत नाही. तान्हं मूल जसं नुसतं रडतं, तसं.

जुन्या विमानांची मुदत चालू होती तेव्हाची गोष्ट. १६ ऑक्टोबर १९७२ च्या सकाळी अँकरेजहून एक सेस्ना ३१० विमान अलास्काची राजधानी जूनोकडे निघालं. विमानात अमेरिकी प्रतिनिधिगृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते हेल बॉग्स, अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच, बेगिच यांचा मदतनीस आणि पायलट. निवडणूक तोंडावर होती. बॉग्स आपल्या तरुण सहकाऱ्याच्या प्रचाराला आले होते. हवा वाईट होती. विमान डोंगरांमधल्या खिंडीच्या दिशेनं गेलं आणि पुन्हा कुणाला दिसलं नाही.

पायलट अनुभवी होता, जरा जास्तच. ‘फ्लाइंग’ मासिकाच्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकात त्याचा लेख होता. विषय विमानावर जमणारा बर्फ, आणि सूर असा की त्याचं एवढं भय बाळगू नका.

शोध ३९ दिवस चालला. तटरक्षक दल, नौदल, लष्कर, हवाई दल, हौशी पायलट. टेहळणीची एसआर-७१ विमानंसुद्धा. सव्वातीन लाख चौरस मैलांचा प्रदेश धुंडाळला. २४ नोव्हेंबरला शोध थांबवला. मधल्या काळात मतदान झालं आणि बेपत्ता बेगिच निवडून आले. बॉग्स यांच्या जागेवर पुढे त्यांच्या पत्नी लिंडी बॉग्स निवडून आल्या. विमान आजतागायत सापडलेलं नाही.

आणि ती पेटी? अलास्कात पायलटला पक्क्या बसवलेल्या पेटीऐवजी हातात नेता येणारी चालत होती, आणि या पायलटकडे तशी होती. तपासात ती सापडली, फेअरबँक्सला, दुसऱ्याच एका विमानात. निघण्याआधी त्याच्या ब्रीफकेसमध्ये तसलंच काहीतरी दिसलं असं एक साक्षीदार म्हणाला, पण रंग जुळत नव्हता. तपास मंडळानं निष्कर्ष काढला तो असा की विमानात किंवा पायलटजवळ पेटी नव्हती. बॉग्स हरवले म्हणून पेट्यांचा कायदा झाला, असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. कायदा त्याआधी दोन वर्षं कागदावर होता. बॉग्स प्रकरणानं एवढंच झालं की त्याची थट्टा करणं लोकांनी सोडलं.

एवढं होऊन पेटी सर्रास बसली, आणि मग तिचे गुण कळले. उतरताना विमान जरा आपटलं की ती ओरडायची. हँगरमध्ये कुणी हलवली की ओरडायची. खऱ्या अपघातात मात्र पुष्कळदा गप्प: एरियल तुटलेलं, बॅटरी संपलेली, नाहीतर आगीत सगळंच गेलेलं. चार अपघातांत एकदा ती धडपणे बोलली तर बोलली, अशी तिची ख्याती झाली. मिळणाऱ्या शंभर हाकांपैकी सत्त्याण्णव खोट्या निघत. १२१.५ वर फक्त पेट्याच बोलत असत्या तरी ठीक होतं, पण शोध घेणारे शेवटी जिथे पोचले त्यात एटीएम होती, पिझ्झाच्या भट्ट्या होत्या, मैदानावरचे धावफलक होते. २००४ साली ओरेगॉनमधल्या कॉर्व्हालिस गावात एका विद्यार्थ्याच्या दारात पोलीस आणि शोधपथकाची माणसं येऊन उभी राहिली. उपग्रहानं त्याच्या घरातून हाक ऐकली होती. हाक मारणारा त्याचा टीव्ही होता. तो पुन्हा लावलास तर दिवसाला १० हजार डॉलर दंड, अशी तंबी मिळाल्यावर त्यानं टीव्ही बंद ठेवला.

उपग्रह कुठून आला, तर त्याची बीजं हौशी रेडिओवाल्यांकडे आहेत. पेटीची खरी अडचण होती ती ऐकणाऱ्याची. रानावरून नेमकं कुणी गेलं तरच हाक ऐकू जाणार. सत्तरच्या दशकात कॅनडातल्या ओटावाच्या संशोधकांनी हौशी रेडिओवाल्यांच्या ‘ऑस्कर’ या छोट्या उपग्रहावर प्रयोग केले. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो, हे आपण फलाटावर उभे राहून ऐकलेलं असतं. उपग्रह डोक्यावरून जाताना खालच्या पेटीचा सूर त्याला तसाच चढा, मग उतरता लागतो. सूर कुठल्या क्षणी पालटला आणि किती झपाट्यानं, यावरून पेटी कुठे आहे याचा हिशेब मांडता येतो. पेटीला काही नवं शिकवायची गरज नाही. ऐकणारा फक्त वर नेऊन बसवायचा.

नोव्हेंबर १९७९ मध्ये लेनिनग्राडला चार देशांनी करार केला: अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ. पुढच्याच महिन्यात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेनं धान्य रोखलं, मॉस्कोच्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला, बोलणी बंद पडली. हा करार चालू राहिला. ज्यांची क्षेपणास्त्रं एकमेकांवर रोखलेली होती त्यांचे अभियंते हरवलेल्या सेस्नांसाठी एकत्र आकडेमोड करत होते. ३० जून १९८२ ला पहिला उपग्रह सोव्हिएतांनी सोडला, कॉसमॉस १३८३.

तो अजून चाचणीवर होता. सप्टेंबर १९८२ च्या सुरुवातीला ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेत, हेलन आणि फ्लोरेस ज्या मुलखात पडले त्याच बाजूच्या डोंगरांत, एक छोटं विमान कोसळलं. त्यात तिघं होते. ते तिथे का उडत होते? त्यातल्या एकाचा मुलगा त्याआधी विमानासकट बेपत्ता झाला होता. सरकारी शोध थांबल्यावर बाप मित्रांना घेऊन स्वतः शोधायला निघाला होता. शोधणाऱ्यांचंच विमान पडलं. आदळल्यावर पेटी ओरडायला लागली आणि वरून जाणाऱ्या सोव्हिएत उपग्रहानं ती हाक टिपून कॅनडाच्या केंद्राला दिली. तिघंही जखमी होते, तिघंही वाचले. या पद्धतीनं वाचलेली जगातली ही पहिली माणसं. तेव्हापासून आतापर्यंत हा आकडा ५० हजारांच्या पुढे गेला आहे, आणि त्यात विमानवाल्यांपेक्षा दर्यावर्दी जास्त आहेत.

या साखळीत भारतही आहे. बंगळुरू आणि लखनौला इस्रोची केंद्रं या हाका ऐकतात. आपल्याच नाही, नेपाळ, श्रीलंका, मालदीव, टांझानियाच्याही. आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोनं जो संकटसंदेशाचा डबा बनवला त्याची वाट वेगळी आहे, तो इन्सॅटमार्फत तटरक्षक दलाला कळवतो. पण अक्कल तीच. उलट एका बाबतीत तो जुन्या पेटीहून शहाणा आहे: आग लागली, बोट बुडतेय की माणूस आजारी आहे, हे वेगवेगळं बटण दाबून सांगता येतं. विमानांच्या नव्या पेट्याही आता नुसत्या रडत नाहीत. त्या ४०६ मेगाहर्ट्झवर आपला स्वतःचा क्रमांक पाठवतात, म्हणजे आधी मालकाच्या घरी फोन करता येतो: विमान कुठे आहे, हँगरमध्येच ना? निम्म्याहून जास्त भानगडी त्या फोनवरच मिटतात. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी जुन्या १२१.५ कडे कान देणं सोडलं. आता तो सूर उरला आहे तो हेलिकॉप्टरवाल्यांना शेवटच्या मैल-दोन मैलांत माग काढायला.

तरी माणूस आहे तोच. ३ सप्टेंबर २००७ रोजी स्टीव्ह फॉसेट नेवाडातल्या एका रँचवरून छोटं विमान घेऊन सहज चक्कर मारायला निघाला. बलूनमधून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. कुठे जातोय याची नोंद त्यानं केली नव्हती. दुपारी जेवायला परत येणार होता. विमानात जुन्या धाटणीची पेटी होती, तिचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. त्याच्या मालकीचं एक महागडं घड्याळ होतं, बाजूची तार ओढली की संकटाची हाक मारणारं. त्या दिवशी त्याच्या मनगटावर दुसरंच घड्याळ होतं. प्रचंड शोध झाला, इंटरनेटवरून हजारो लोकांनी उपग्रहाची छायाचित्रं तपासली. फॉसेट सापडला नाही. सापडले ते दुसऱ्याच विमानांचे जुने, कुणाला माहीत नसलेले सांगाडे. वर्षभरानं एका डोंगरयात्रीला रानात त्याची ओळखपत्रं दिसली आणि मग सिएरा नेवाडाच्या उतारावर विमानाचे तुकडे मिळाले. आघात इतका जबरदस्त होता की पेटी बोलली असती तरी त्याला उपयोग झाला नसता. पण घरच्यांचं वर्ष वाचलं असतं.

पेटी नीट आहे की नाही हे बघण्याचीही रीत ठरलेली आहे. केव्हाही चालू करून चालत नाही, ऐकणाऱ्याला खरी वाटेल. म्हणून चाचणी फक्त तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत घ्यायची. दहा वाजले की मेकॅनिक शेपटीचं झाकण उघडतो आणि दुसरा कुणी कॉकपिटमध्ये रेडिओ १२१.५ वर लावून बसतो. स्विच दाबला की किंकाळी घसरत जाते, एकदा, दोनदा, तीनदा. तीनहून जास्त नाही. मग बंद.

आणि प्रवास संपल्यावर, विमान जागेवर लावून इंजिन बंद करण्याआधी, काळजी घेणारा पायलट पुन्हा एकदा १२१.५ लावतो. उतरताना धक्का बसून आपलीच पेटी सुरू झाली नाही ना, ते बघायला. कान देऊन ऐकतो. नुसती खरखर असते. मग तो चावी फिरवतो.